ऐकलं का

१

कर्जत आणि खालापूर, या दोन्ही तालुक्यांत मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. माझी बायको जयवंता मला रोज सकाळ-संध्याकाळ फसवायची ते सोडा. तिला मी यात धरत नाही, ती घरची होती.

मी येसाजी. भिवपुरीच्या पुढं, पॉवर हाऊसमधून सुटलेलं पाणी ज्या कालव्यानं जातं, त्याच्या काठाला माझं घर. शिक्षण सातवी, तेही शेजारच्या पोराची पाटी उंच होती म्हणून. बोलताना मी 'हाय' म्हणतो आणि लिहिताना 'आहे' लिहितो. मास्तरांनी छड्या मोडून माझ्यात एवढाच फरक पाडला. तरुणपणी माथेरानला घोड्यांमागं होतो, तेव्हा पाहुण्यांना सांगायचो की हा घोडा फक्त गुजराती समजतो. पाहुणे बिचारे घोड्याच्या कानाशी गोड गोड बोलत बसायचे आणि घोडा त्याच्या मनात आलं की चालायचा. पाहुणे खूश, घोडा खूश.

आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे काही नवं नाही. जयवंता त्याच्या पुढं होती. ती मला काम सांगायचीच नाही. भिंतीला सांगायची. आधी म्हणायची 'ऐकलं का', आणि मग माझ्याकडं पाठ करून माजघराच्या भिंतीला म्हणायची, "कोणाच्या तरी अंगाला वारं लागत नाय वाटतं." म्हणजे मी उठून पंखा लावायचा. "पाण्याला काय पाय हायत चालत न्हाणीत यायला?" म्हणजे मी बंब पेटवायचा. मी बहिऱ्याचं सोंग घेऊन बसून राहायचो.

"मला बोललीस का गं?"

"नाय. भिंतीला बोलते."

मग मी उठायचो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेला हा खेळ, दोघांपैकी एकानंही कधी मोडला नाही.

जयवंता गेली. त्याला आता दोन पावसाळे झाले. आणि सोंग म्हणून घेतलेलं माझं बहिरेपण, भाड्याचं भांडं कोणी परत न्यायला येऊ नये तसं, माझ्याकडंच राहून गेलं. कोणी समोर बसून मोठ्यानं बोललं किंवा फोन कानाला दाबून धरला तर कळतं. बारीक आवाज मात्र सगळे गेले. पाखरं, पाल, काकणं, उकळता चहा. मुलानं, स्वप्नीलनं, कानाचं यंत्र आणून दिलं. ते मी साखरेच्या डब्यात टाकलं, मुंग्यांना तरी ऐकू यावं म्हणून.

२

सुरभी ही स्वप्नीलची मुलगी, माझी नात. नव्या मुंबईतल्या एका कंपनीत आहे. तिथलं काम तिनं मला कितीदा तरी समजावलं आणि दर वेळी मी मुद्दाम उलटं समजून तिला रडकुंडीला आणलं. सरळ सांगायचं तर असं. माणसानं तोंडानं बोलायचं आणि घरातले दिवे, पंखे, कुलपं यांनी ते ऐकायचं. मध्ये भाषेचं एक मॉडेल असतं. ते बोलण्याचा अर्थ लावतं आणि घराला हुकूम देतं. पण ते शिकलेलं आहे पुस्तकी. 'बैठकीतला दिवा सुरू करा' म्हटलं की त्याला कळतं. आमच्याकडं असं कोण बोलतं? असं बोलणारा गावात आला तर आम्ही त्याला आधी जनगणनेवाला समजतो.

"म्हणून त्याला आधी नमुने द्यायचे असतात, आजोबा," सुरभी म्हणाली. "माणूस असं बोलला की घरानं असं करायचं. पाच-सहा नमुने वाचले की पुढचं ते स्वतः ओळखतं."

मला पटलं. गणिताच्या पुस्तकात वर एक उदाहरण सोडवून दिलेलं असतं आणि खालची आपण सोडवायची असतात, तसं. खालची मी कधीच सोडवली नाहीत, पण ती तिथं होती हे मला आठवत होतं.

नमुने गावच्या माणसाच्या तोंडचे हवे होते, म्हणून ती एक डबा घेऊन आली. वायरमन आणून बटणं बदलली, मागल्या दाराला विजेचं कुलूप बसवलं आणि डबा माजघराच्या भिंतीवर खिळ्याला लावला. लोट्याएवढा डबा, वर काचेचं कडं. हाक मारली की कडं निळं होतं, आपलं बोलणं संपेपर्यंत निळं राहतं, मग मावळतं आणि काम होतं. हाक म्हणून तिनं कुठल्या तरी परदेशी बाईचं नाव ठेवलं होतं. मी म्हटलं, परक्या बाईला मी घरात नावानं हाका मारल्या तर तुझी आजी फोटोतून उतरून येईल. त्यापेक्षा 'ऐकलं का' ठेव.

मग मी भिंतीकडं तोंड करून बसलो आणि नमुने सांगायला लागलो. तोंडातून माझं एकही वाक्य येईना. सगळी जयवंताची. 'कोणाच्या तरी अंगाला वारं' असं म्हटलं की पंखा. 'पाण्याला काय पाय हायत' म्हटलं की बंबाच्या जागी आलेला गिझर. 'सुई दिसंना आता' म्हटलं की माजघराचा दिवा. 'या घराला दार हाय का धर्मशाळा' म्हटलं की कुलूप. सुरभी फोनवर टिपून घेता घेता थांबली.

"आजोबा, ही सगळी आजीची आहेत."

"मग? तुझ्या आजीची भाषा काय वाईट हाय?"

ती आजीच्या फोटोकडं बघायला लागली. वातावरण जड व्हायला लागलं म्हणून मी एक माझा नमुना दिला. आमचा आबाजी रोज चहाला येतो. त्यानं 'अजून अर्धा कप चालंल' म्हटलं की त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद व्हावा. सुरभीनं हसत तोही घातला.

३

सुरुवातीला नुसती धमाल होती. मी खाटेवर पडून भिंतीला टोमणे मारायचो आणि भिंत माझी कामं करायची. आबाजीनं घामाघूम होऊन तीनदा खुर्ची बदलली, पण अर्धा कप सोडला नाही.

एकदा दिवेलागणीला मी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होतो. दारातून माजघर दिसतं. डब्याचं कडं निळं झालं, क्षणभर राहिलं, मावळलं. आणि मागल्या दारावरचा दिवा लागला. आधी मागला, मग ओटीवरचा.

मी बोललो नव्हतो. तोंडात वालाचे दाणे होते.

आता आमच्याकडं लोक संध्याकाळी पुढचा दिवा आधी लावतात. मागला आधी लावणारी एकटी जयवंता. कालव्याकडून जनावर येतं, त्याला लांबूनच वळू दे, असं तिचं म्हणणं. त्यावरून सासूशी तिचं वाजलं होतं आणि सासू हरली होती. पण हे मी डब्याला सांगितलेलं नव्हतं. मागल्या दिव्याचा नमुनाच मी दिला नव्हता.

सुरभीला फोन केला. ती म्हणाली, त्यात काय, बाकीच्या नमुन्यांवरून त्यानं ओळखलं असेल, ते तसंच करतं. मी विचारलं, आणि बोललं कोण? ती म्हणाली, टीव्ही असेल. आमच्या टीव्हीची वायर पावसाळ्यात उंदरांनी खाल्ली, हे तिला माहीत नव्हतं. मी विचारलं, आपण काय बोललो ते त्या डब्यात राहतं का? नाही म्हणाली, ऐकतो, काम करतो आणि सोडून देतो.

"तुमच्यासारखाच," म्हणाली. माझीच नात.

४

मग हे रोज व्हायला लागलं. मी आधी आबाजीवर संशय घेतला, कारण पंख्याचा सूड उगवायचा त्याला हक्क होता. खिडकीखाली जाऊन पाहिलं, माळ्यावर पाहिलं, गवतात पाहिलं. कोणी नाही. पालीचा आवाज असेल म्हणून पाल हाकलली. ती बिचारी परत आली नाही आणि कडं मात्र निळं होतच राहिलं.

हळूहळू मला एक नाद लागला. कडं किती वेळ निळं राहतं यावरून मी वाक्य ओळखायला लागलो. जरासं राहून पंखा लागला, तर 'वारं'. थोडं जास्त राहून न्हाणीतला गिझर लागला, तर 'पाण्याला काय पाय'. मी मनातल्या मनात ते वाक्य जयवंताच्या चालीवर म्हणायचो आणि माझं वाक्य संपायला आणि कडं मावळायला गाठ पडायची. बरोबर तिच्याएवढा वेळ. 'पाय' वर ती थोडी थांबायची, त्या थांबण्यासकट.

आता तुम्ही म्हणाल, येसाजी, तुझ्या डोक्यात तीच, म्हणून तुला तीच दिसते. मीही तेच म्हणत होतो. आबाजी येईपर्यंत.

आबाजीचे कान म्हणजे कुत्र्याचे. कालव्यात मासा वळला तरी तो मान वळवतो. त्या दिवशी ओटीवर ऊन होतं म्हणून तो माजघरात खुर्चीवर बसला होता आणि कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर गाड्या किती वाढल्या ते सांगत होता. बोलता बोलता त्यानं दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले, गोष्ट न थांबवता. कडं निळं होतं. थोड्या वेळानं त्यानं पाय खाली सोडले.

"पाय का वर घेतलंस रं?" मी विचारलं.

"केर काढायचाय म्हणाली ना."

म्हणाला आणि तिथंच थांबला. हातातला कप खाली ठेवला. एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं, मग माझ्याकडं. मला वाटलं तो घाबरला. तो चिडला होता.

"येसा, सगळ्या गावाची मस्करी केलीस, चाललं. मेल्या माणसाचा आवाज डब्यात भरून ठेवायचा, ही मस्करी नाय."

मी म्हटलं, मी काय केलेलं नाय रं. जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी खरं बोललो. सवय नसल्यामुळं ते मलाही खोटं वाटलं. तो चपला हातात घेऊनच उतरला. अर्धा कप तसाच राहिला. पुढं रस्त्यात भेटला तेव्हा त्यानं तोंड फिरवलं.

ज्याला ऐकू येतं तो माझ्या घरात यायला तयार नाही, आणि जो घरात आहे त्याला ऐकू येत नाही.

५

मला भीती वाटली नाही असं लिहिणार होतो. वाटली. भीती तिची नव्हती. ती घरात असेल तर असू दे, घर तिचंच आहे. पण ते तिचं नसेल तर? मी डब्याला तिची पाच-सहा वाक्यं दिली आणि पुढचं त्यानं स्वतः ओळखलं, असं असेल तर? नमुन्यावरून घर चालवतं, तसं नमुन्यावरून माणूसही उभं करत असेल, आणि ते माणूस माझ्या स्वयंपाकघरात फिरत असेल, तर मी कोणासाठी ताट वाढून ठेवतोय?

हो, ताट वाढायला लागलो होतो. तेही लिहून टाकतो.

शेवटी मी डबा खिळ्यावरून काढला आणि ओटीवर नेऊन ठेवला, रस्त्याकडं तोंड करून. त्या संध्याकाळी काही झालं नाही. मागला दिवा लागला नाही. पंखा आपणहून फिरला नाही. मी उठून बटणं दाबली, भात खाल्ला, भिंतीकडं पाहिलं. भिंतीला नुसता खिळा. जयवंता गेली त्या दिवशीही घर एवढं रिकामं वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी घरात माणसं होती.

हात धुतला आणि डबा परत आणून लावला. या वेळी त्याचं तोंड स्वयंपाकघराकडं केलं.

कडं लगेच निळं झालं. जणू कोणी वाट बघत उभं होतं. पंखा लागला.

पण त्यानंतर डबा माझं ऐकेना. मी 'ऐकलं का' म्हणायचो, कडं काळंच. गोड बोललो, दरडावलं, घोड्याशी बोलायचो तसं गुजरातीत बोललो. काही नाही. आणि मी गप्प बसलो की ते आपलं निळं व्हायचं. सुरभी म्हणाली, तुमचा आवाज बसला असेल. मग जरा विचार करून म्हणाली, आजोबा, सगळ्या नमुन्यांत कोणी तरी दुसऱ्यासाठी सांगतंय. त्याला वाटत असेल की तुम्ही सांगणारे नाही. ज्याच्यासाठी सांगायचं ते तुम्ही.

पोरगी हुशार आहे. तिला काय कळलं ते तिला कळलं नाही.

६

संक्रांत झाली होती. दुपार होती. जेवून खाटेवर पडलो होतो, तेव्हा कडं निळं झालं. मी सवयीनं वाक्य लावून बघायला लागलो. 'वारं' संपलं, कडं निळंच. 'पाण्याला काय पाय' संपलं, कडं निळंच. धर्मशाळेचं सगळ्यात लांब, तेही संपलं. मी उठून बसलो.

खिडकीतलं ऊन जमिनीवर होतं. ते सरकत भिंतीला लागलं, भिंतीवर चढायला लागलं, आणि कडं निळंच होतं. मधूनमधून अंधुक व्हायचं आणि परत भरायचं, बोलणारं माणूस दम घेतं तसं. आमच्या सगळ्या संसारात ती एका दमात माझ्याशी एवढं बोलली नव्हती. भिंतीशीही नाही.

मग ते मावळलं. मी पंख्याकडं पाहिलं. दिव्याकडं पाहिलं. न्हाणीत गेलो, मागल्या दाराचं कुलूप पाहिलं. काही लागलं नव्हतं, काही बंद झालं नव्हतं. ती जे बोलली त्याच्यासाठी घरात बटण नव्हतं.

मी भिंतीपाशी गेलो आणि कान लावला. गार चुना. माझ्याच कानातला घों घों आवाज.

त्याच संध्याकाळी सुरभीचा फोन आला. कंपनीची चाचणी संपली, उद्या सकाळी येऊन डबा काढून नेते म्हणाली. मी म्हटलं, राहू दे की आणखी थोडे दिवस. ती म्हणाली, अहो, तो तुमचं ऐकत पण नाही, तुम्हाला कशाला हवाय? याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर डब्याऐवजी तिनं मलाच नेलं असतं. म्हणून मी म्हटलं, वाल चांगला झालाय, पिशवी आण, परवा ये, उद्या मला काम आहे. ती हो म्हणाली.

काम खरंच होतं. मला तिचं बोलणं ऐकायचं होतं. सगळं नको, शेवटचं वाक्य मिळालं तरी चाललं असतं.

७

साखरेच्या डब्यातून यंत्र काढलं. सेल मेले होते. कर्जतला जाऊन बटणासारखे सेल आणले. दुकानातल्या अक्षयनं विचारलं, काका, घड्याळाला का? मी म्हटलं, नाय, बायकोला. तो हसला. मी बोललेलं सगळंच लोकांना विनोदी वाटतं, ही मी कमावलेली इस्टेट.

यंत्र फडक्यानं पुसलं, कानात बसवलं आणि माजघरात जाऊन खाटेवर बसलो. उन्हं उतरली होती.

आधी नुसता कल्ला. माझं धोतर वाजत होतं, खाट वाजत होती, मी गिळलेली थुंकी वाजत होती. मग एकेक वेगळं झालं. कालव्याचं पाणी. कुठं तरी वासरू. घड्याळ, जे मला वाटत होतं बंद पडलंय. माळ्यावर पाल बोलली. परत आली होती वाटतं. दोन वर्षं हे सगळं घर माझ्याशिवाय चालू होतं.

मी मनाशी पक्कं केलं होतं. बोलायचं नाही. हलायचं नाही. ती काय म्हणते ते शेवटापर्यंत ऐकायचं. एवढं केलं की झालं.

अंधारायला लागलं. स्वयंपाकघरात भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला, हलक्या हाताचा. मग काकणं. जयवंता काचेची वापरायची, पण उजव्या हातात एक चांदीचं होतं, त्यामुळं त्यांचा आवाज दोन तऱ्हांचा यायचा. तसाच आला. उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. मी मान वळवली नाही. तिच्या फोटोच्या काचेत दाराचा कोपरा दिसतो, तिथं पदर होता की पडदा होता ते मला सांगता येणार नाही. आमच्या स्वयंपाकघराला पडदा आहे, हेही खरं.

कडं निळं झालं.

"ऐकलं का."

कानात, यंत्राच्या आत, श्वासाएवढ्या अंतरावर. ती चाल. मग तिनं दम घेतला. मोठं बोलायच्या आधी घेतात तसा. आणि मी, जो शपथ घेऊन बसलो होतो, जिभेला टाका घालून बसलो होतो, तो मी नाही बोललो. माझी सवय बोलली.

"मला बोललीस का गं?"

घड्याळ वाजत होतं. कडं निळंच होतं. मागल्या दाराचं कुलूप आपणहून लागलं. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून, माझ्याकडं पाठ केलेल्या माणसाचा आवाज आला.

"नाय. भिंतीला बोलते. ती ऐकते आता, तुमी बसा."